बिनपैशाचे वैद्य आणि मुलांचे प्रश्न

आजचा शास्त्रभाग : मत्तय १०:१-१०



आज २६ सप्टेंबर, संत कॉस्मस आणि संत डेमियन यांचा सण. म्हणून नेहमीचं वाचन बाजूला ठेवून मत्तयचा हा भाग घेतलाय. येशू बारा जणांना गावोगाव पाठवतो, आजारी माणसं बरी करायचा अधिकार देतो आणि आठव्या वचनात लगेच बजावतो की हे तुम्हाला काही न मोजता मिळालंय, तर तुम्हीही काही न घेता द्या. नवव्यात कमरेला सोनं-चांदी-तांबं बांधायला मनाई. आणि दहाव्यात? काम करणाऱ्याचा पोटापुरत्या अन्नावर हक्क आहे, असं तोच येशू सांगतो. घाईत वाचलं तर यात काही खटकत नाही. सावकाश वाचलं की अडायला होतं. मग घ्यायचं की नाही घ्यायचं?

हे दोघे जुळे भाऊ नेमके इथेच अडले होते. त्यांची गोष्ट पुढे येतेच.

परंपरा सांगते की ते मूळचे अरबस्तानातले. किलिकिया प्रांतातल्या एगी या बंदरगावात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, वैद्यकी करायचे आणि सम्राट डायोक्लेशनच्या काळात विश्वासासाठी मारले गेले. पूर्वेकडच्या चर्चमध्ये त्यांना ग्रीकमध्ये 'अनार्गिरोई' म्हणतात. शब्दशः अर्थ, ज्यांच्याकडे चांदी नाही ते. चांदी म्हणजे नाणी, पैसा. आपण 'धर्मार्थ दवाखाना' म्हणतो, तसे हे धर्मार्थ वैद्य. निकोमेडियाचे संत पँटेलिमॉन आणि आणखी बरेच वैद्य-संत याच बिरुदाने ओळखले जातात. मला यातली मेख अशी वाटते की या माणसांना नाव मिळालं ते न घेतलेल्या पैशांवरून. किती रोगी बरे केले, यावरून नव्हे.

मुलांना सांगताना मात्र आपण दुसराच भाग पुढे करतो. मी आमच्या धर्मग्रामात रविवारी दुसरी-तिसरीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. तिथली रंगीत पुस्तकं पाहिली की पोकेमॉनची कार्डं आठवतात. ब्लेज म्हणजे गळा. लूसी म्हणजे डोळे. अपोलोनिया म्हणजे दात. प्रत्येकाची एक पॉवर. मुलांना हे जाम आवडतं, आणि आवडण्यात वाईट काहीच नाही. प्रश्न येतो तो घरात खरोखर कोणी आजारी पडतं तेव्हा.

या जूनमध्ये माझी आई गेली. दीड वर्ष डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा. माझी मुलगी सात वर्षांची आहे. ती रोज रात्री आजीसाठी प्रार्थना करायची, पुस्तकातल्या संतांची नावं एकेक करून घ्यायची. आई गेल्यावर चौथ्या दिवशी रात्री अंधारात तिने विचारलं, "बाबा, मी एकदा प्रार्थना न करता झोपून गेले होते ना, म्हणून का?"

या प्रश्नात देवावर राग नव्हता. हिशेब होता. आमच्या कामात सिस्टिमला रिक्वेस्ट पाठवली की रिस्पॉन्स यायलाच हवा. नाही आला तर पाठवणाऱ्याचं काहीतरी चुकलंय, असं धरून आम्ही लॉग तपासायला बसतो. सात वर्षांचं पोर स्वतःचे लॉग तपासत होतं आणि तिला तिचा 'बग' सापडलाही होता. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांना लहान मुलं आहेत, भाचे-पुतणे आहेत. उद्या हाच प्रश्न तुमच्यासमोर येईल. तेव्हा 'देवाची इच्छा' एवढंच बोलून दिवा मालवून चालणार नाही, कारण मग मूल देवाच्या इच्छेलाही त्याच हिशेबात धरतं.

त्या रात्री मी तिला अंड्यांची गोष्ट सांगितली.

पॅलाडिया नावाची एक बाई होती. खूप वर्षं आजारी. सगळे वैद्य करून झाले होते. या भावांकडे आली आणि बरी झाली. पैसे तर हे घेणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. मग ती एकट्या डेमियनला गाठून म्हणाली, ही तीन अंडी तरी घ्या, तुम्हाला देवाची शपथ आहे. आता शपथच घातली म्हटल्यावर डेमियन काय करणार? घेतली. कॉस्मसला हे कळलं आणि तो इतका भडकला की त्याने सांगून ठेवलं, मी मेलो की मला याच्या शेजारी पुरू नका. पुढे दोघेही गेले. लोक थडग्यापाशी उभे. शेजारी ठेवायचं की नाही, कोणाला कळेना. तेवढ्यात एक उंट आला. या भावांनीच कधीतरी बरा केलेला. आणि तो उंट माणसासारखं बोलला की दोघांना एकत्रच ठेवा, वेगळं करू नका.

मुलांना उंट आवडतोच, पण ती जास्त वेळ अंड्यांवर थांबतात. मी वर्गात मतदान घेतो, डेमियन चुकला की नाही? एक जण म्हणाला, अंडी म्हणजे काही पैसे नव्हेत. एक म्हणाली, नाही घेतली असती तर त्या बाईला किती वाईट वाटलं असतं. कॉस्मसच्या बाजूनेही हात वर झाले. नियम म्हणजे नियम, आज अंडी, उद्या कोंबडी! एका मुलीला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की तिन्ही अंडी डेमियनने एकट्यानेच खाल्ली का. मला हा प्रश्नही बिनकामाचा वाटत नाही.

आता ही गोष्ट मत्तयच्या शेजारी ठेवून बघा. कॉस्मस आठव्या वचनाला धरून आहे, डेमियन दहाव्याला. अंडी म्हणजे अन्नच की. जुन्या करारात २ राजे ५ मध्ये याचाच उलटा नमुना आहे. अलीशा नामानाकडून काहीही घ्यायला नकार देतो, तर त्याचा चाकर गेहजी मागून पळत जातो, खोटं बोलून चांदी आणि कपडे उकळतो, आणि नामानाचं कोड त्याच्या अंगाला लागतं. गेहजीने मागून घेतलं. डेमियनला एका बाईने हात धरून दिलं. वस्तू छोटी की मोठी, हा फरक इथे महत्त्वाचा नाही. किंमत दिली की व्यवहार पुरा झाला, कोणी कोणाचं काही लागत नाही. भेट दिली की नातं सुरू होतं. बहुधा म्हणूनच उंटाने डेमियनला बाहेर ठेवलं नाही.

मग मी मुलीला विचारलं, "ज्या कॉस्मसला तीन अंडीसुद्धा चालली नाहीत, तो तुझ्या एका रात्रीचा हिशेब ठेवेल का?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तो तर पैसे घेतच नाही."

मला स्वतःला हे इतक्या स्वच्छ सुचलं नसतं. आपण 'बिनपैशाचे' हा शब्द नाण्यांपुरता धरतो. पण नऊ दिवसांची नोव्हेना, मेणबत्त्या, उपास, हेही चलन होऊ शकतंच की. चांदी न घेणारा वैद्य प्रार्थनाही दाम म्हणून घेणार नाही. प्रार्थना त्याच्याकडे पोचते, पण फी म्हणून नव्हे. आणि फीच नव्हती, तर ती कमी पडण्याचाही प्रश्न उरत नाही.

इथे काही जण म्हणतील, मग आपले नवस? वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, लहान बाळं विकायला असतात, आणि ती घेऊन जाणाऱ्यांत माझी आईही असायची. मी त्यांची टिंगल करणार नाही. मोठमोठ्या लोकांनीही तेच केलंय. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियन गंभीर आजारातून उठला, ते कॉस्मस-डेमियनमुळेच अशी त्याची श्रद्धा होती, आणि त्याने कॉन्स्टँटिनोपलमधलं त्यांचं जुनं चर्च नव्याने दिमाखात बांधून दिलं. इतिहासकार प्रोकोपियसने हे लिहून ठेवलंय. नवस फेडणंच की हे! माझं म्हणणं एवढंच आहे की 'बरं केलंस तर देईन' आणि 'बरं वाटलं म्हणून आणलंय' यांत तीच तीन अंडी असली, तरी ती वेगवेगळी आहेत. दुसरी पॅलाडियाची. पहिली कोणाचीच नसावीत, निदान लहान मुलाच्या हातात तरी नको. मोठा माणूस नवस पुरा झाला नाही तर खांदे उडवून पुढे जातो. मूल स्वतःला दोषी धरतं.

पण मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा आलीच. "मग आजी बरी का नाही झाली?"

याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि शास्त्रातही मला सोपं उत्तर सापडत नाही. सापडतं ते एक वाक्य, जे आपण कधी मुलांना वाचून दाखवत नाही. २ तीमथ्य ४:२०. पौल अगदी सहज कळवतो की त्रफिमाला मी मिलेतात आजारीच सोडून आलो. बस्स. प्रेषितांच्या कृत्यांत (१९:१२) ज्याचे रुमाल नेऊन लोक बरे व्हायचे, तोच हा पौल. त्याच पत्रात नऊ वचनं आधी तो म्हणतो की आता फक्त लूक माझ्यासोबत आहे, आणि लूक म्हणजे तोच लाडका वैद्य, कलस्सै ४:१४ मधला. म्हणजे एकाच पानावर प्रेषित आहे, वैद्य आहे आणि बरा न झालेला सोबतीही आहे. तीमथ्याच्या पोटाची तक्रार वेगळीच, तिच्यावर पौल प्रार्थनेऐवजी थोडा द्राक्षारस सुचवतो (१ तीमथ्य ५:२३). त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा तर निघालाच नाही. त्रफिमाची प्रार्थना कमी पडली, असं पौल कुठेही लिहीत नाही.

आरोग्य देणाऱ्यांचं पुढे काय झालं, हेही मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. तिसऱ्या शतकाच्या मध्याला अलेक्झांड्रियात भयंकर साथ आली होती. तिथले बिशप डायोनिसिअस यांचं एक पत्र युसेबियसच्या चर्चच्या इतिहासात जपलं गेलंय. ते सांगतात की आपल्यातले कितीतरी चांगले लोक, धर्मगुरू, सेवक, साधे विश्वासी, आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता तीच लागण होऊन गेले. त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत, कॅलेंडरमध्ये त्यांचे वेगवेगळे दिवस नाहीत. कोविडची दोन वर्षं आपल्याला आठवतात, त्यामुळे हे पत्र समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आता दुसरा प्रश्न, जो दुसरी-तिसरीतली मुलं हमखास विचारतात. "सर, हे खरंच झालं का?"

इथे मराठीने आपल्याला एक छान शब्द देऊन ठेवलाय : 'म्हणे'. उंट बोलला म्हणे. या एका शब्दात सांगणारा प्रामाणिक राहतो आणि गोष्टही मरत नाही. मुलांना हा शब्द बरोबर कळतो, त्यांच्या आज्यांनी तो पिढ्यानपिढ्या वापरलाय. जिथे 'म्हणे' लागत नाही, तिथे तो लावू नये, एवढं पथ्य पाळायचं. पाचव्या शतकात उत्तर सीरियातल्या किरस नगरात या भावांची भक्ती होत होती, हे पक्कं. पोप फेलिक्स चौथे (५२६-५३०) यांनी रोमच्या फोरममध्ये त्यांना चर्च दिलं, ते आजही उभं आहे आणि त्यातल्या मोझेइकमध्ये पेत्र आणि पौल या दोघांना ख्रिस्ताकडे घेऊन येताना दिसतात, हे पक्कं. पवित्र मिस्साच्या जुन्या रोमन प्रार्थनेत त्यांची नावं आजही घेतली जातात, हेही पक्कं. बाकी बरंचसं 'म्हणे'. इंजिनिअर माणसाला यात कमीपणा वाटायचं कारण नाही. कुठला डेटा मोजलेला आहे आणि कुठला अंदाजाचा, हे वेगळं लिहून ठेवणं हे आमचं रोजचंच काम.

एक गोष्ट मात्र मी लहान मुलांना सांगत नाही, आणि त्याचं कारण 'म्हणे' नाही. तेराव्या शतकातल्या याकोबुस दे वोराजिने यांच्या 'सुवर्णगाथा' या संतचरित्रांच्या संग्रहात ती आहे, आणि भावांची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट तीच. रोमच्या त्या चर्चमधल्या एका सेवकाचा पाय सडला होता. रात्री स्वप्नात दोघे संत आले, नुकत्याच पुरलेल्या एका काळ्या माणसाचा पाय कापून आणला आणि याला बसवला. सकाळी सेवक बरा. फ्लॉरेन्सच्या सान मार्कोत फ्रा अँजेलिकोने हा प्रसंग फार शांत, सुंदर रंगवलाय. (चित्राचा खर्च बँकवाल्या मेदिची घराण्याने केला. चांदी न घेणारे संत सावकारांचे कुलरक्षक झाले, ही इतिहासाची गंमत.) स्पेनमधल्या वायादोलिदला १५४७ च्या सुमाराचं इसिद्रो दे व्हियोल्दोचं लाकडी शिल्प आहे. त्यात तो काळा माणूस मेलेला नाही. जिवंत आहे, जमिनीवर तळमळतोय, आणि त्याचा पाय कापलेला आहे.

कोणतंही मूल पहिला प्रश्न हाच विचारेल की त्याला विचारलं का? या गोष्टीत त्याला कोणी विचारत नाही, त्याला नावही नाही. 'बिनपैशाचे' वैद्य, पण किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली. मोठ्या मुलांना, सातवी-आठवीच्या पुढे, मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो आणि ते शिल्पही दाखवतो. अवयवदानावर बोलायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही, कारण 'दान' हा शब्द इथे किती महत्त्वाचा आहे ते लगेच दिसतं. संतांबद्दलचा आदर त्याने कमी होत नाही. गोष्ट रचणाऱ्यांच्या डोळ्यांना कोण दिसत नव्हतं, तेवढं कळतं.

छळाच्या वर्णनांचं विचाराल तर लहानांना 'त्यांना मारून टाकलं' इतकं पुरे. लोखंडी कंगवे, उकळती भांडी यांची यादी त्या वयात फक्त झोप उडवते.

त्यापेक्षा फाबिओला सांगा. रोममधली खानदानी, श्रीमंत बाई, ३९९ साली वारली. संत जेरोम यांनी तिच्यावर लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे, त्यामुळे इथे 'म्हणे' जवळजवळ लागतच नाही. पहिला नवरा बदफैली होता. तिने त्याला सोडलं, दुसरं लग्न केलं, आणि ते चर्चच्या नियमात बसत नव्हतं म्हणून पुढे सगळ्यांसमोर प्रायश्चित्त घेतलं. मग मालमत्ता विकून रोममध्ये रुग्णालय काढलं आणि ज्या जखमांकडे बघवत नाही त्या स्वतःच्या हाताने धुतल्या, रोग्यांना स्वतः उचलून आणलं, भरवलं. जेरोम तिच्या एकाही चमत्काराबद्दल सांगत नाहीत. वर्गातली मुलं ही गोष्ट ऐकताना एकदम शांत होतात. 'तिची पॉवर काय होती?' असं अजून कोणी विचारलेलं नाही.

आणि ३ फेब्रुवारीला मुलांना जरूर चर्चमध्ये न्या. दोन मेणबत्त्यांची फुली करून गळ्याशी धरतात आणि आशीर्वाद देतात, तो संत ब्लेज यांच्या नावाने. सेबास्ते नगरीचे, म्हणजे आजच्या सिवासचे बिशप. माशाचा काटा अडकलेल्या मुलाची त्यांची गोष्ट आपल्या मासेखाऊ घरांत समजावून सांगावी लागत नाही. हे दुब्रोव्हनिक शहराचे रक्षक संत, आणि तिथल्या व्यापाऱ्यांशी जोडलेलं त्यांच्या नावाचं एक जुनं चर्च आपल्या गोव्यात गवंडाळीला आहे. मला जास्त आवडतं ते हे की ब्लेज यांचं नाव सहाव्या शतकाच्या सुमाराच्या एका वैद्यकीय ग्रंथात येतं, अमिदाच्या एटियसच्या. घशात काही अडकलं तर काय करावं, त्या उपायांतच संताचं नावही घ्यायला सांगितलंय. वैद्याच्या एकाच पानावर दोन्ही.

हे मला मुलीला सांगावं लागलं, कारण तिचा पुढचा प्रश्न होता, "आजीच्या डॉक्टरांनी तर पैसे घेतले. मग ते वाईट?" नाही. दहावं वचन त्यांच्यासाठीच आहे. सिराखचा ३८ वा अध्याय तर वैद्याचा मान ठेवा, त्यालाही देवानेच निर्माण केलंय, असं सांगतो. आईच्या डायलिसिस सेंटरमध्ये एक टेक्निशियन होता. सुई नीट बसली नाही की तिला फार त्रास व्हायचा, आणि अशा दिवशी तो ड्युटी संपल्यावरही तिच्याजवळ खुर्ची ओढून बसायचा. पगार आठ तासांचा. त्यापुढचा अर्धा तास बिलात कुठेच नव्हता. आई त्याच्यासाठी डब्यातून रव्याचे लाडू न्यायची, आणि तो आधी नको म्हणून मग घ्यायचा.

"म्हणजे अंडी," मुलगी म्हणाली.

उद्याचं वाचन : २ राजे ५. गेहजीचा भाग न गाळता.